होडीवर दुसरी बॅटरी कशी बसवायची: नवीन होडीवाल्यांसाठी

हर्णै, दाभोळ, जयगड, मालवण, देवबाग, वेंगुर्ला, कुठेही बघा, हौसेने स्वतःची फायबरची होडी ठेवणारे आता बरेच झालेत. अठरा-वीस फुटांची होडी, मागे ४० किंवा ६० हॉर्सपॉवरचं ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, यालाच पुढे मशीन म्हणतो), सुट्टीला घरच्यांना घेऊन खाडीत फेरी नाहीतर संध्याकाळी गरवायला (गळाने मासे धरायला). आणि बहुतेक होड्यांवर बॅटरी एकच असते. तीच मशीन स्टार्ट करते, फिशफाइंडर तिच्यावर, गाणी तिच्यावर, लाइट आणि बिल्ज पंपही (बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळात, साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) तिच्यावरच. मग नांगर टाकून तीन-चार तास बसलात आणि निघताना चावी फिरवली की नुसतं टक् टक् वाजतं. ४० च्या बऱ्याच मशीनना दोरी ओढून स्टार्ट करायची सोय तरी असते, पण त्यावरच्या मोठ्या फोर स्ट्रोक इंजेक्शनवाल्या मशीनला बॅटरीच नसेल तर पेट्रोलचा पंपही चालत नाही आणि आतला कॉम्प्युटरही नाही, मग दोरी असून नसून सारखीच.

रस्त्यावर गाडी अशी बंद पडली तर धक्का मारता येतो, इथे तसं नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या तोंडावर उधाणाची ओहोटी लागली की पाणी होडीला सरळ बाहेर ओढतं, पहाटेचा मतलई वारा पण जमिनीकडून समुद्राकडेच, आणि दुपारनंतर खारा वारा सुटला की तो उलट खडपाकडे ढकलतो. त्यामुळे लाइफ जॅकेट आणि चांगला नांगर झाल्यावर होडीवर पैसे घालायचे तर मी आधी दुसऱ्या बॅटरीवर घालायला सांगतो, रंग, गादी, स्पीकर सगळं नंतर.

आता मुख्य गोष्ट, आणि ही नीट डोक्यात बसली की बाकी सगळं काम सोपं आहे. आपल्याकडे बरेच जण दुसरी बॅटरी आणतात आणि पहिलीच्या प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून मोकळे होतात. त्याने अँपिअर-तास (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) वाढतात हे खरं, पण रिझर्व्ह काहीच राहत नाही. पाण्याच्या दोन टाक्या खालून पाइपने जोडल्या तर एकीतलं पाणी जाताना दुसरीतलंही जाणारच, तसंच हे, दोन्ही बॅटऱ्या एकत्र उतरणार आणि चावी फिरवल्यावर तेच टक् टक्. शिवाय एक जुनी आणि एक नवीन असेल तर जुनी नवीनला खात राहते. तेव्हा दोन बॅटऱ्यांची कामं वेगळी हवीत, एक फक्त मशीन स्टार्ट करायला, दुसरी बाकी सगळ्या सामानाला, आणि मशीन चालू असताना दोन्ही चार्ज व्हायला हव्यात पण मशीन बंद झालं की आपोआप एकमेकींपासून सुटायला हव्यात. एवढंच साधायचंय. पहिलीला आपण स्टार्टची बॅटरी म्हणू आणि दुसरीला सामानाची.

सुरुवात कागद-पेन घेऊन करा, दुकानात जाऊन नाही. होडीवर काय काय चालतं आणि किती तास, ते लिहा. समजा संध्याकाळी पाच तास नांगरावर बसणार. फिशफाइंडर १ अँपिअर धरा, पाच तासाचे ५ अँपिअर-तास. नांगरावरचा एलईडी दिवा जेमतेम ०.२, म्हणजे सगळा मिळून १. व्हीएचएफ (होडीवरचा वायरलेस रेडिओ) नुसता ऐकत ठेवला तर ०.५ च्या आसपास, त्याचे अडीच. दोन मोबाइल चार्जिंगला लावले तर सहा धरा. बिल्ज पंप ३ अँपिअरचा, मधूनमधून मिळून अर्धा तास, म्हणजे दीड. आणि म्युझिक सिस्टीम, बारीक आवाजात ३ अँपिअर, त्याचे पंधरा! सगळी बेरीज ३१ आणि त्यातली जवळपास अर्धी गाण्यांची. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलात तर लवकर मरते म्हणून बेरजेची दुप्पट करायची, ६२, म्हणजे सामानासाठी ६५ ते ७५ अँपिअर-तासाची बॅटरी पुरते. १५० ची गरज नाही.

हे मुद्दाम सांगतोय कारण घरच्या इन्व्हर्टरची टॉल ट्युब्युलर बॅटरी होडीत टाकायचा मोह फार जणांना होतो, घरात पडलेलीच असते किंवा ओळखीचा दुकानदार स्वस्तात देतो. नका टाकू. ती ५० किलोच्या वर जाते, उंच असते, आणि आत पातळ ॲसिड असतं, लाटेवर आपटत चाललेल्या होडीत ते झाकणातून बाहेर येतं. होडीला बंद बॅटरी हवी, एजीएम (आतलं ॲसिड गादीत शोषलेलं असतं ती) मिळाली तर उत्तम, किंवा चांगली एसएमएफ (पाणी घालावं न लागणारी). सामानासाठी डीप सायकल (खोल उतरवून पुन्हा भरता येणारी) प्रकारची घ्या, स्टार्टसाठी स्टार्टिंगची. फरक असा की स्टार्टिंग बॅटरी काही सेकंद भरपूर करंट देण्यासाठी बनवलेली असते, तिला रोज खोल उतरवलं की ती लवकर बाद होते. स्टार्टची बॅटरी किती मोठी हवी हे अंदाजाने ठरवू नका, मशीनच्या मॅन्युअलमध्ये क्रँकिंग अँपिअर (स्टार्ट मारताना लागणारा करंट) आणि अँपिअर-तास दोन्ही दिलेले असतात, त्यापेक्षा कमी घ्यायची नाही.

लिथियमबद्दल सगळे विचारतात. लिथियम फॉस्फेट बॅटरी हलकी असते, जास्त खोल उतरवली तरी टिकते, सगळं मान्य. पण एक लेड-ॲसिड आणि एक लिथियम साध्या रिलेने (व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच, पुढे येतोच) जोडायची नसते. लिथियम मशीन बंद असतानाही १३.२-१३.३ व्होल्टवर बसून राहते, त्यामुळे रिलेला वाटतं मशीन चालूच आहे आणि तो सुटायचं नाव घेत नाही. त्यासाठी मध्ये डीसी टू डीसी चार्जर (एका बॅटरीच्या करंटवर दुसरी तिच्या हिशोबाने चार्ज करणारा) लागतो, खर्च वाढतो. पहिल्यांदा करताय तर दोन्ही लेड-ॲसिड घराण्यातल्याच ठेवा, शक्यतो दोन्ही एजीएम.

जागा ठरवताना वजनाचा विचार करा. ७५ ची एजीएम वीस-पंचवीस किलोच्या घरात असते, मागे मशीन, पेट्रोलची टाकी, जुनी बॅटरी सगळं आधीच असतं, त्यात हीपण मागेच टाकली तर होडीची पिछाडी बसते आणि पुढची नाळ वर उचलली जाते. सामानाची बॅटरी मधल्या बाकाखाली किंवा कन्सोलखाली (सुकाणूच्या टेबलाखाली) गेली तर चांगलं. स्टार्टची मात्र मशीनच्या जवळच हवी, केबल जेवढी आखूड तेवढं स्टार्टिंग दमदार. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिक पेटीत, पेटी फरशीला बोल्टने किंवा चांगल्या स्क्रूने आवळलेली, वरून पट्टा. हाताने जोर लावून हलवून बघा, इंचभरसुद्धा सरकता कामा नये. फरशीला थेट टेकवू नका, बिल्जचं पाणी साचतं त्याच्या वर राहील अशी ठेवा. पेटी हवाबंद पण नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो हलका, वरच साचतो, आणि हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटू शकतो. पेट्रोलची वाफ उलट जड, ती खाली बिल्जमध्ये बसते, म्हणून टाकी असलेल्या बंद कप्प्यात बॅटरी, स्विच, रिले काही ठेवायचं नाही.

आता स्विच. बाजारात एक चार खुणांचा गोल स्विच मिळतो, १, २, दोन्ही आणि बंद. स्वस्त आहे, चालतो, पण तो पूर्णपणे तुमच्या लक्षात राहण्यावर चालतो. नांगर टाकल्यावर २ वर न्यायचा, निघताना १ वर, चार्जिंगला दोन्हीवर. पाहुणे होडीत, कोणीतरी मासा ओढतंय, पोरं पाण्यात उतरायला निघालीत, अशा वेळी स्विच दोन्हीवरच राहतो आणि रिझर्व्ह संपतो. आणि मशीन चालू असताना तो कधीही बंदवर न्यायचा नसतो, अल्टरनेटरच्या (मशीनवरच्या वीज बनवणाऱ्या भागाच्या) करंटला जायला जागा राहत नाही आणि रेक्टिफायर (त्या विजेचं बॅटरीला चालेल अशा डीसीत रूपांतर करणारा भाग) जळू शकतो, ती दुरुस्ती बॅटरीपेक्षा महाग पडते.

माझं मत म्हणाल तर व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले लावा, व्हीएसआर म्हणतात, मुठीएवढा डबा असतो. मशीन सुरू झालं की आधी स्टार्टची बॅटरी चार्ज होते, तिचं व्होल्टेज १३.३ ते १३.७ च्या मध्ये कुठेतरी पोचलं की रिले टिक् करून सामानाची बॅटरी जोडतो, मशीन बंद करून व्होल्टेज १२.८ च्या आसपास आलं की सोडतो. कंपनीप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे. त्याच्या जोडीला प्रत्येक बॅटरीला एक साधा चालू-बंद स्विच, आणि तिसरा आणीबाणीचा जोड-स्विच, जो एरवी बंदच राहील आणि स्टार्टची बॅटरी खरोखर मेली तरच फिरवायचा. हे तिन्ही एकाच पॅनेलवर तयार मिळतात. सामानाची बॅटरी फार उतरलेली असेल तर रिले सुरुवातीला टिक् टिक् करत जोडतो सोडतो, घाबरू नका, थोडा चार्ज झाल्यावर स्थिरावतो. काही मोठ्या मशीनना दुसऱ्या बॅटरीसाठी वेगळी चार्जिंगची वायर कंपनीच देते, तशी असेल तर रिले लागतच नाही, मॅन्युअल बघा.

वायरवर जरा थांबू, कारण कोकणातल्या होड्यांवर वीज जिथे बिघडते ती जागा बहुतेक वेळा बॅटरी नसून वायर असते. जुन्या होडीवरची एखादी साधी केबल टोकापासून वीतभर सोलून बघा, वरचं प्लास्टिक छान लाल चकचकीत आणि आत तांबं काळं पडलेलं, लगजवळ (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीजवळ) हिरवी पूड, बोटाने चोळलं तर तारा तुटून हातात येतात. खारी हवा टोकातून आत शिरते आणि तारांच्या मधून वर चढत जाते. म्हणून कथिलाचा थर दिलेली मरीन तांब्याची केबल घ्या, मुंबईहून मागवावी लागली तरी. आणि स्वस्त जाड केबलपासून सावध, वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असा माल राजरोस विकला जातो, ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त आणि खाऱ्या हवेत ते लवकर खल्लास होतं. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर दुकानदाराला परत करा.

जाडी किती? स्टार्टिंगच्या केबलला मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे, छोट्या अंतराला साधारण २५ किंवा ३५ स्क्वेअर एमएम येते. दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस जोडणारी केबल पण तेवढीच जाड, कारण आणीबाणीत सामानाच्या बॅटरीवर स्टार्ट मारलं तर पूर्ण करंट त्याच केबलमधून परत येणार, आणि नेमकी हीच केबल लोक बारीक टाकतात. रिलेच्या दोन केबल १६ च्या. सामानाच्या फ्यूज बॉक्सपर्यंत ६. हिशोब सांगतो, बॅटरीपासून फ्यूज बॉक्स ४ मीटर, जाऊन येऊन ८ मीटर, करंट १० अँपिअर, ६ च्या वायरमध्ये पाव व्होल्ट पडतो आणि घरातल्या १.५ च्या वायरमध्ये जवळपास एक व्होल्ट. बारातला एक व्होल्ट वाटेतच गेला की पंप मंद फिरतो आणि फिशफाइंडर आपोआप बंद-चालू होतो आणि लोक म्हणतात बॅटरीच खराब दिली.

लग, म्हणजे आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन ज्याला थिंबल म्हणतात, ती हातोड्याने ठोकून बसवू देऊ नका. पॅनेल बोर्डचं काम करणाऱ्यांकडे हायड्रॉलिक क्रिंपिंगचं (लग केबलवर दाबून पक्की बसवण्याचं) हत्यार असतं, केबल मापून कापून त्यांच्याकडे न्या आणि करून आणा. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, गरम केल्यावर कडेने गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे. काळी इन्सुलेशन टेप इथल्या उन्हात काही महिन्यांत चिकट होऊन सुटते, ती होडीवर आणूच नका.

फ्यूज हा वायर वाचवायला असतो, तेव्हा फ्यूजचा आकडा वायर किती झेपवते त्यापेक्षा कमी. सामानाच्या ६ च्या वायरला ३० अँपिअर, रिलेच्या १६ च्या केबलला ६०, आणि रिलेच्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज, कारण तिच्या दोन्ही बाजूंना बॅटरी आहे, मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर दोन्हीकडून आग लावेल. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. स्टार्टिंगच्या केबलला सहसा फ्यूज लावत नाहीत, म्हणूनच ती कुठे घासणार नाही, धारेवरून जाणार नाही हे जास्त बघायचं, जिथे फायबरमधून आरपार जाते तिथे रबरी बुश.

प्रत्यक्ष जोडताना क्रम असा. अंगठी, कडं काढून ठेवा, मोठा पाना असेल तर त्याच्या मुठीला टेप गुंडाळा (ही टेप चालेल). जुन्या बॅटरीचा मायनस आधी काढा, मग प्लस. पेट्या, स्विच पॅनेल, रिले, फ्यूज होल्डर सगळं जागेवर पक्कं करून घ्या, बॅटऱ्या अजून न जोडता. मग स्टार्टच्या बॅटरीची प्लस केबल तिच्या स्विचला, स्विचमधून मशीनला. सामानाच्या बॅटरीची प्लस तिच्या फ्यूजमधून स्विचला, तिथून फ्यूज बॉक्सला. तिसरा जोड-स्विच या दोन स्विचच्या मध्ये, आणि सामानाच्या बॅटरीपासून त्याच्यापर्यंतची केबल स्टार्टिंगइतकी जाड, ३० च्या फ्यूजच्या आधीच निघालेली. रिले दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसमध्ये, त्याची बारीक काळी वायर मायनसला. ऑटोमॅटिक बिल्ज पंप मात्र स्विचच्या अलीकडून, सामानाच्या बॅटरीच्या प्लसवरून थेट, स्वतःच्या फ्यूजने, म्हणजे सगळे स्विच बंद करून तुम्ही घरी गेलात तरी होडीत पाणी आलं की तो चालेल. पण हेही लक्षात घ्या, ३ अँपिअरचा पंप अखंड चालला तर चोवीस तासांत ७२ अँपिअर-तास खातो, तेव्हा होडी गळत असेल तर पंपाच्या भरवशावर सोडू नका. सगळं झाल्यावर प्लस आधी, मायनस सर्वात शेवटी, आणि आवळण्याआधी मल्टीमीटरने प्लस-मायनस तपासा, उलटं लागलं तर रेक्टिफायर क्षणात जातो.

लग थेट बॅटरीच्या टर्मिनलवर बसली पाहिजे, मध्ये स्टीलचा वॉशर नको, स्टेनलेस स्टीलमधून करंट नीट वाहत नाही, वॉशर लगच्या वर टाका. पंखवाले नट कंपनाने ढिले होतात, त्याऐवजी नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात.

टेस्ट किनाऱ्यालाच करा. बॅटऱ्या रात्रभर शांत ठेवल्यावर १२.७ च्या आसपास म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे संपली. सगळं सामान तासभर चालवा, सामानाच्या बॅटरीचं व्होल्टेज उतरेल आणि स्टार्टचं जागचं हलणार नाही, हललं तर कुठेतरी दोन्ही जोडल्या गेल्यात, शोधा. मग ओबीएमला पाणी मिळतंय ना बघून स्टार्ट मारा, कोणीतरी मल्टीमीटर स्टार्टच्या बॅटरीवर धरा, क्षणभर व्होल्टेज खाली जाईल पण १० च्या आसपास टिकलं पाहिजे. दोन-तीनदा स्टार्ट मारल्यावर आधी मशीन बंद करा, मग बॅटऱ्यांचे स्विच बंद करून प्रत्येक लगला हात लावा, जी गरम लागेल तिचं क्रिंपिंग कच्चं आहे. मग स्विच चालू करून पुन्हा स्टार्ट मारा आणि मशीन चालू राहू द्या, रिलेचा टिक् ऐकू येईल आणि मग दोन्ही बॅटऱ्यांवर जवळपास सारखाच आकडा दिसेल, बहुतेक १३.८ ते १४.४. मशीन बंद करून लाइट लावा, थोड्या वेळात रिले सुटेल. शेवटी मशीन बंद असतानाच स्टार्टचा स्विच बंद करून जोड-स्विच फिरवा आणि सामानाच्या बॅटरीवर स्टार्ट होतंय का पाहा. हे होडीवर येणाऱ्या घरातल्या आणखी एकाला तरी करून दाखवा, तुम्हालाच काही झालं तर त्याला जमलं पाहिजे. व्हीएचएफचं १६ नंबर चॅनेल आणि कोस्ट गार्डचा १५५४ नंबर त्या पॅनेलशेजारीच चिकटवून ठेवा.

चार्जिंगबाबत एक भ्रम काढून टाकतो. छोटं ओबीएम कागदावर १० अँपिअर देतं ते फुल थ्रॉटलला, हळू चालवताना बरंच कमी. वरच्या हिशोबातले ३१ अँपिअर-तास भरायला चार-पाच तास होडी पळवावी लागेल, आणि कोणी तेवढं पेट्रोल जाळत नाही. तेव्हा बॅटरी घरी आणून किंवा जेटीवर सोय असेल तर तिथे चार्जर लावायचाच. एजीएमची सेटिंग असलेला, ७ ते १० अँपिअरचा, भरल्यावर आपोआप फ्लोटवर (भरलेली बॅटरी टिकवण्यापुरत्या बारीक चार्जवर) जाणारा. घरच्या इन्व्हर्टरवर नका लावू, तो पाण्याच्या बॅटरीच्या हिशोबाने चार्ज करतो, बंद बॅटरी आतून सुकते आणि तिच्यात पाणी घालायची सोयही नसते.

जूनच्या आधी होडी वर ओढली की दोन्ही बॅटऱ्या काढून घरी न्या, कोरड्या जागी, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा. पूर्ण चार्ज करून ठेवायच्या आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज बघायचं, १२.५ च्या खाली गेलं की रात्रभर चार्जर. अर्धवट उतरलेली बॅटरी पावसाळाभर तशीच राहिली तर आत सल्फेट बसतं आणि ती परत पूर्ण भरत नाही, आपल्या किनाऱ्यावरच्या किती बॅटऱ्या वापरून नाही तर अशा पडून मेल्यात. होडीत राहिलेल्या केबलच्या टोकांना व्हॅसलीन लावून पिशवी बांधा, आणि नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात टाकायच्या आधी प्रत्येक नट पुन्हा आवळा, फ्यूज काढून त्याचे पाय बघा, हिरवे दिसले तर घासत बसू नका, नवीन घाला, दहा-वीस रुपयांचा असतो.